गंज, गाळ आणि कँडल : वाचकांचे प्रश्न

या महिन्याच्या टपालात निम्म्याहून अधिक पत्रं लाल पाण्याची आहेत. बहुतेकांनी यंत्राचा मेक आणि मॉडेल लिहिलं आहे, पण पाणी कुठून येतं ते लिहिलेलं नाही. आम्हाला मात्र पाण्याचाच पत्ता आधी हवा असतो.

प्रश्न : आमची इमारत साठेक वर्षं जुनी आहे. आरओच्या बाहेर लावलेल्या पांढऱ्या भांड्यातली कँडल वीस दिवसांत विटकरी होते आणि पाणी ठिबकत राहतं. सर्व्हिसवाले म्हणतात, पूर्ण सेट बदला. बदलावा का? (गिरगाव, मुंबई)

सेट राहू द्या, आधी काचेचे चार ग्लास घ्या. पहिला ग्लास सकाळी स्वयंपाकघराचा नळ उघडताच भरा, दुसरा तोच नळ पाच मिनिटं वाहू दिल्यावर. तिसरा गच्चीवरच्या टाकीतून थेट बुडवून घ्या. चौथा महापालिकेचं पाणी तळटाकीत पडतं तिथून, पाणी सुटताच भरा. चारही ग्लासांवर चिठ्ठी लावून पांढऱ्या कागदावर रात्रभर ठेवा आणि सकाळी तळ बघा.

पहिला लाल आणि बाकीचे स्वच्छ असतील तर गंज तुमच्याच घरातल्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपचा आहे. रात्रभर पाणी साचून राहतं, आतली खपली सुटते आणि सकाळी नळातून येते. पहिला-दुसरा लाल, तिसरा स्वच्छ असेल तर गच्चीवरून खाली येणारा उभा पाइप सडला आहे, आणि तो विषय सोसायटीच्या सभेचा. तिसराही लाल पण चौथा स्वच्छ असेल तर टाक्यांमध्ये उतरून बघायला सांगा. तळटाकीतली लोखंडी शिडी, झाकणाची लोखंडी चौकट आणि पंपापासून गच्चीपर्यंतचा पाइप हे नेहमीचे गुन्हेगार. शिडी गंजून निम्मी झालेली असते आणि सगळी इमारत कँडली बदलत बसते. चौथाच लाल असेल तर गंज रस्त्याखालच्या वाहिनीतून येतो आहे. पाणी ठरावीक तासच सुटतं, त्यामुळे रिकाम्या वाहिनीत पहिला लोंढा शिरताना तळाचा गाळ उचलला जातो. अशा वेळी तळटाकीच्या आधी एक टी (तीन तोंडांचा जोड) आणि चावी बसवून पहिली पाच-दहा मिनिटं पाणी बाहेर सोडायचं; ते जिने धुवायला चालतं.

आता कँडलबद्दल. रंगावरून तिची मुदत ठरवू नका. स्पन कँडल (प्लॅस्टिकच्या तंतूंची) बाहेरून सैल आणि आत घट्ट असते, गाळ तिच्या जाडीभर अडकत जातो. बाहेरून विटकरी झालेली कँडल आतून अजून अर्धी कोरी असू शकते. मोजायचा तो प्रवाह. नवी कँडल बसवली की यंत्राकडे जाणारी नळी काढून एक लिटरची बाटली भरायला किती सेकंद लागतात ते भांड्यावरच लिहून ठेवा. वेळ दुप्पट झाली की कँडल बदला. प्रवाह चांगला असला तरी सहा महिन्यांपलीकडे ठेवू नका, कारण अडकलेल्या गाळात जंतूंची वस्ती होते.

वीस दिवसांत तुंबते याचं कारण बहुधा असं, की ५ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग; आकडा लहान तितकी कँडल बारीक) एकट्या कँडलवर सगळा भार पडतो. तिच्या आधी आणखी एक १० इंची भांडं जोडा आणि त्यात २० मायक्रॉनची कँडल टाका. जाड खपल्या तिथे थांबतील, बारीक पूड ५ मायक्रॉनमध्ये. क्रम उलटा लागला तर दुसरी कँडल नुसती शोभेला, आणि ही चूक कारागीरही करतात. जागा असेल तर २० इंची जंबो भांडं घ्या. त्याच्या कँडलचा बाहेरचा पृष्ठभाग साध्या १० इंचीच्या साडेतीन पट असतो.

घरात येणाऱ्या मुख्य पाइपवर मात्र ५ मायक्रॉन बसवू नका. गच्चीची टाकी तुमच्या नळापेक्षा दहा मीटर उंच असेल तर जोर चौरस सेंटिमीटरला जेमतेम एक किलो मिळतो आणि वरच्या मजल्यावर ०.३ ते ०.४ किलोच, तेवढ्यात बारीक कँडल घातली की शॉवर आणि गीझर दोन्ही रडतात. मुख्य पाइपला स्टीलच्या जाळीचा, साधारण १०० मायक्रॉनचा आणि खाली निचऱ्याची चावी असलेला फिल्टर योग्य. आठवड्यातून एकदा चावी दहा सेकंद उघडली की साचलेला गंज बाहेर पडतो आणि जाळी वर्षानुवर्षं चालते.

कँडल बदलताना आधी यंत्राची वीज बंद करा, मग पाण्याची चावी. भांड्यावरची लाल कळ दाबून आतला दाब सोडा, नाहीतर भांडं फिरता फिरत नाही आणि पान्याने जोर केला की चीर जाते. खाली परात धरा. जुनी कँडल काढल्यावर भांडं आतून ब्रशने घासा आणि खोबणीतली रबरी रिंग काढून पुसा. कोरड्या रिंगेला सिलिकॉन ग्रीसचं बोट लावा. व्हॅसलीन किंवा खोबरेल लावू नका, त्याने रबर फुगतं आणि पुढच्या वेळी रिंग खोबणीत बसत नाही. नवी कँडल तळाच्या उंचवट्यावर नीट मध्यभागी बसली पाहिजे. तिरकी बसली तर पाणी तिला वळसा घालून सरळ पुढे जातं आणि कँडल महिनोन्‌महिने पांढरीशुभ्र राहते. तिचं कौतुक करू नका, ती काम करत नाही. भांडं हातानेच आवळा. पाना फक्त सोडवण्यासाठी. चावी हळू उघडा, पहिलं दोन-तीन लिटर पाणी यंत्रात न सोडता बाहेर घालवा आणि दहा मिनिटांनी जोडाभोवती टिशू पेपर फिरवून ठिबक आहे का पाहा.

राहिला पूर्ण सेटचा प्रश्न. बाहेरची कँडल तुंबली की आतल्या पंपाला पाणी पुरत नाही, तो खडखडतो, चालू-बंद होतो, मेम्ब्रेनवर (आरओच्या क्षार अडवणाऱ्या पडद्यावर) दाब बनत नाही आणि धार बारीक होते. म्हणून नवी कँडल घालून एक दिवस यंत्र चालवून पाहा. धार परत आली तर बाकीचा सेट शाबूत आहे. एक गोष्ट विचारलेली नाही तरी सांगतो : भातसा, तानसा, वैतरणाच्या तलावांचं पाणी मुळातच कमी क्षारांचं आहे. त्याला आरओची गरज नाही. गाळाची कँडल, कार्बन आणि यूव्ही (जंतू मारणारा अतिनील किरणांचा दिवा) एवढं पुरतं. पुढचं यंत्र घेताना हे लक्षात ठेवा, निम्मं पाणी मोरीत जायचं वाचेल.

प्रश्न : बोअरचं पाणी काढताना अगदी नितळ असतं. तासाभरात बादलीत तांबूस होतं, वर तेलासारखा पापुद्रा येतो. ५ आणि १ मायक्रॉनच्या दोन कँडली लावल्या, फरक नाही. (कुडाळ, सिंधुदुर्ग)

फरक पडणारही नाही. वरच्या पत्रातला गंज म्हणजे घन कण होते. तुमच्या पाण्यात लोह विरघळलेलं आहे, मिठासारखं. मिठाचं पाणी फडक्याने गाळून गोडं होत नाही, तसंच हे. जमिनीखाली हवा नसते म्हणून लोह विरघळलेल्या रूपात राहतं. बादलीत हवा लागली की त्याचा लाल साका होतो. जांभ्याच्या पट्ट्यात ही तक्रार जुनीच आहे, कारण जांभा दगडच लोहाचा आहे. पापुद्र्याला काठीने डिवचा : काचेसारखा तुटून त्याचे तुकडे वेगळे राहिले तर तो लोहाचा, आणि पुन्हा एकमेकांना जुळून आला तर तेलाचा.

घरच्या घरी खात्री करायची तर ग्लासभर ताज्या पाण्यात चिमूटभर हिरड्याची पूड टाका. लोह असेल तर पाणी निळसर काळं पडतं. पूर्वी हिरडा आणि हिराकस (लोहाचा क्षार) घालून शाई करत, त्यातलाच हा प्रकार. चहा काळपट होतो तोही याचमुळे. नेमका आकडा मात्र प्रयोगशाळेतूनच घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याच्या ठिकाणी आहेत. लोहासाठी आम्ल घातलेली वेगळी बाटली मागून घ्या. साध्या बाटलीत लोह वाटेतच साक्याच्या रूपात काचेला चिकटतं आणि अहवालात पाणी उगाचच चांगलं दिसतं. लिटरला ०.३ मिलीग्रॅमच्या पुढे लोह गेलं की कपडे आणि भांडी डागाळू लागतात.

उपाय उलट्या क्रमाने चालतो : आधी लोहाला मुद्दाम गंजवायचं, मग गाळायचं. बोअरचा पाइप टाकीत थेट बुडवू नका. टाकीच्या वर शॉवरसारखी चाळण लावा आणि पाणी किमान अर्धा मीटर थेंबाथेंबाने पडू द्या. खाली भोकं पाडलेले दोन-तीन ट्रे एकाखाली एक ठेवून त्यांत मूठभर आकाराचे दगड घातले तर आणखी चांगलं. १ मिलीग्रॅम लोहाला ऑक्सिजन ०.१४ मिलीग्रॅमच लागतो, म्हणजे हवेची टंचाई कधीच नसते. अडचण होते ती सामूची, म्हणजे पीएचची. सामू ७ च्या वर असेल तर साका भराभर होतो, ६.५ च्या खाली तासन्‌तास लागतात, आणि कोकणातलं बोअरचं पाणी बऱ्याचदा तिथेच असतं. ट्रेमधून पडताना कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि सामू थोडा वर येतोच. तेवढ्याने भागलं नाही तर खालच्या ट्रेमध्ये संगमरवराचे बारीक तुकडे घाला; ते हळूहळू विरघळून सामू चढवतात आणि काही महिन्यांनी भर घालावी लागते.

यानंतर वाळूचा ड्रम. २०० लिटरचा प्लॅस्टिकचा ड्रम घ्या, तळाला १० सेंटिमीटर धुतलेली खडी, त्यावर ५ सेंटिमीटर जाड वाळू आणि वर ४५ सेंटिमीटर अर्धा ते एक मिलिमीटरची चाळलेली वाळू. पाणी तळातून काढायचं, पण बाहेरचा पाइप वर उचलून वाळूच्या पातळीच्या चार बोटं वरच मोकळा सोडायचा, म्हणजे वाळू कधी कोरडी पडत नाही. तासाला २०० ते २५० लिटरपेक्षा जास्त पाणी त्यातून ओढू नका. पहिले दोन-तीन आठवडे निकाल जेमतेम असतो. वाळूच्या कणांवर लोहाचा थर बसला की तोच थर पुढचं लोह धरायला लागतो. म्हणून वाळू लख्ख होईतो धुण्याची हौस नको. धार मंदावली की खालून वर पाणी सोडून वरचा लाल चिखल वाहून घालवायचा, एवढंच.

सामू कमीच राहत असेल किंवा नळ्यांत बुळबुळीत, नारिंगी जेलीसारखं काही साचत असेल (ते लोहजीवाणू), तर टाकीत क्लोरीन द्या. १ मिलीग्रॅम लोहाला साधारण ०.६४ मिलीग्रॅम क्लोरीन लागतं. समजा लोह लिटरला ३ मिलीग्रॅम आहे. १००० लिटरला सुमारे १.९ ग्रॅम क्लोरीन त्यातच खर्च होईल, वर अर्धा ग्रॅम शिल्लक राहायला हवं, एकूण २.४ ग्रॅम, म्हणजे ३३ टक्क्यांची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर सात-साडेसात ग्रॅम. पावडर डब्यात महिनोन्‌महिने राहिली की तिची ताकद उतरते, म्हणून ताजीच आणा. बादलीभर पाण्यात कालवून चुना खाली बसू द्या आणि वरचं निवळ टाकीत ओता. टाकी भरल्यावर तासभर थांबून मगच पाणी ड्रमात सोडा. पुढे आरओ असेल तर मध्ये कार्बन हवाच. मेम्ब्रेनला क्लोरीन लागलं की ती कायमची जाते.

बाजारात यासाठी १० इंच व्यासाच्या आणि ५४ इंच उंचीच्या फायबरच्या टाक्याही मिळतात, आत मँगनीज ऑक्साइडचा थर दिलेली वाळू असते. त्या उत्तम काम करतात, पण उलटधुणीला (खालून वर पाणी सोडून वाळू धुवायला) मिनिटाला वीसेक लिटर पाणी लागतं. तुमचा पंप तेवढं देतो का हे बादली आणि घड्याळ घेऊन आधी मोजा. पाणी कमी पडलं तर वाळू उचलली जात नाही, सहा महिन्यांत आत विटेसारखा गोळा होतो आणि दोष वाळूला दिला जातो.

प्रश्न : यंत्राच्या पाण्याचा टीडीएस ४० आहे, तरी माठाच्या तळाला लाल पूड. मीटर बिघडला आहे का? (सोलापूर)

मीटर ठीक आहे. तो पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार सांगतो, आणि गंजाचे घन कण वीज वाहून नेत नाहीत. पाण्यात चमचाभर गंज टाकला तरी आकडा जवळपास तोच राहील. पूड मेम्ब्रेनमधून आलेली नाही, तिची छिद्रं त्याहून फारच बारीक असतात. यंत्राच्या साठवण टाकीचा तळ बघा, आणि टीडीएस ॲडजस्टर असेल तर त्याची चावीही. ॲडजस्टर थोडं पाणी मेम्ब्रेनला वळसा देऊन सोडतो. आधीची कँडल गळकी असेल तर गंज त्याच वाटेने येतो.

प्रश्न : गावातल्या हातपंपाला पहिले वीस-पंचवीस हापसे लाल पाणी येतं, मग साफ. फिल्टर कुठला घ्यावा? (गडचिरोली जिल्हा)

फिल्टर नंतर बघू. पंपाच्या आतले उभे पाइप जीआयचे असतात आणि आम्लधर्मी पाण्यात ते आतून-बाहेरून गंजतात. रात्रभर पंप उभा राहिला की पाइपमधलं पाणी लाल होतं. ते उपसलं की खालचं ताजं पाणी येतं. एक नमुना पहाटेच्या पहिल्या पाण्याचा आणि दुसरा वीस मिनिटं सतत हापसल्यावरचा घ्या. दुसऱ्यात लोह बरंच उतरलं असेल तर ग्रामपंचायतीकडे पाइप बदलून मागा, पीव्हीसी किंवा स्टेनलेस स्टीलचे. दोन्ही सारखेच आले तर लोह जमिनीतलं आहे आणि कुडाळच्या पत्राला दिलेलं उत्तर तुम्हालाही लागू. तोवर पहिला हंडा भांडी-गुरांसाठी ठेवा.

प्रश्न : यूव्हीचा दिवा नवा घातला, पण यंत्राचा लाल इशारा जात नाही. (नाशिक)

दिव्याभोवतीची काचेची नळी बघितली का? ती क्वार्ट्‌झची असते आणि लोहाचं पाणी तिच्यावर फिकट तपकिरी थर चढवतं. दिवा आत जळत असतो, किरण पाण्यापर्यंत पोचत नाहीत. काही यंत्रांतला किरण मोजणारा डोळा तेच सांगतो. ज्यांत असा डोळा नाही ती यंत्रं गप्प राहतात, आणि ते अधिक वाईट. वीज आणि पाणी बंद करून दिवा थंड होऊ द्या, नळी सरळ ओढून काढा, लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये अर्धा तास ठेवा, मऊ कापडाने पुसा. घासणी नको, ओरखडे पडतात. दिवा उघड्या बोटांनी धरू नका. दोन्ही टोकांच्या रबरी रिंगा मात्र नव्या घाला, त्या चपट्या झालेल्या असतात.

प्रश्न : कार्बनची कँडल बदलल्यापासून पाण्यात काळे कण येतात. मँगनीज म्हणतात ते हेच का? (वाशी, नवी मुंबई)

बदलल्यापासून येतात ना, मग ती कार्बनचीच पूड. दहा लिटर पाणी सोडून द्या, थांबेल. महिन्याभरानेही येत असेल तर कण बोटांत चिरडा. कोळशासारखा चुरा झाला तर कार्बनचं कवच फुटलं आहे. रबरासारखा लिबलिबीत काजळी सोडत पसरला तर एखादा वॉशर किंवा जुनी नळी विरघळते आहे. चुंबकाला धावून चिकटला तर तो पाइपमधल्या काळ्या गंजाचा.

प्रश्न : स्पन कँडल ब्रशने घासून परत वापरता येते का? (पुणे)

नाही. वरचा गाळ निघतो, जाडीतला आत ढकलला जातो आणि धागे फुगून मोठी वाट होते. टँकरचं पाणी असल्यामुळे रोज गाळ येत असेल तर धुता येणारी चुणीदार कँडल पुढे लावा आणि स्पन तिच्यामागे ठेवा.

प्रश्न : पावसाळ्यात नळाला चहासारखं पाणी येतं. तुरटी किती फिरवावी? (चिपळूण)

फिरवून अंदाज लागत नाही, मोजून घाला. १० ग्रॅम तुरटी एक लिटर पाण्यात विरघळवा. गढूळ पाण्याच्या एक-एक लिटरच्या पाच बाटल्यांत हे द्रावण १, २, ३, ४ आणि ५ मिलिलिटर टाका. एक मिनिट जोरात हलवा, मग पाच मिनिटं हळूहळू उलटसुलट करा आणि तासभर ठेवा. ज्या सर्वांत कमी मात्रेत पाणी निवळलं ती तुमची. समजा ३ मिलिलिटरला निवळलं, तर २० लिटरच्या हंड्याला ६० मिलिलिटर. गढूळपणा पावसाबरोबर बदलतो, म्हणून चाचणी दर आठवड्याला पुन्हा करा. निवळ वरून हलकेच काढा, ढवळून नाही. तुरटीने जंतू मरत नाहीत. क्लोरीन किंवा उकळी वेगळी हवीच, आणि ती निवळल्यानंतर, कारण गाळ क्लोरीन खाऊन टाकतो.

प्रश्न : आमच्याकडे अजून स्टीलचा दोन डब्यांचा फिल्टर आहे, पांढऱ्या मातीच्या कँडलीचा. त्या लाल होऊन थेंब थेंब गळतात. फेकून द्याव्यात का? (सांगली)

एवढ्यात नाही. कँडल वाहत्या पाण्याखाली धरून नायलॉनच्या मऊ ब्रशने घासा, लाल थर पाण्याबरोबर जाऊ द्या. साबण, तारेची घासणी आणि गरम पाणी तिन्ही वर्ज्य. साबण छिद्रांत बसतो आणि महिनाभर चवीला येतो. घासायला फडताळातला जुना ब्रश नको, नवा घ्या. पाणी वरच्या डब्यात ओतण्याआधी रात्रभर बादलीत निवळू दिलं तर कँडल महिन्यातून एकदा घासून पुरते.

दर घासणीला मातीचा एक पातळ थर जातो, त्यामुळे कँडलीला आयुष्य आहे. चीर गेली आहे का ते बघायला कँडल पाण्याने चिंब करून बादलीत बुडवा आणि देठाच्या नळीतून तोंडाने हलकेच फुंका. चांगल्या कँडलीतून बुडबुडे निघत नाहीत. एका जागेवरून किंवा मातीच्या आणि प्लॅस्टिकच्या जोडातून बुडबुड्यांची माळ निघाली तर ती टाकून द्या, दिसायला कितीही धड असली तरी. नवी बसवताना रबरी वॉशर डब्याच्या आतून आणि चापट नट खालून. अनेक घरांत वॉशर खाली लागलेला असतो आणि न गाळलेलं पाणी देठाच्या बाजूने खालच्या डब्यात उतरत असतं.